मशीनच्या बाईंचा ब्लॉग

माझ्या बायकोची धाकटी बहीण एक्कावन्न वर्षांची आहे, तरी घरात तिला अजून धाकटीच म्हणतात. घराबाहेर ती मशीनच्या बाई. गेली तेवीस वर्षे ती शिवणाची मशिने दुरुस्त करते. लग्न केले नाही. कोणी खोदून विचारलेच तर म्हणते, "मशीन बिघडलं तर निदान उघडून बघता येतं."

ती आधी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. एका ओळीत चाळीस मशिने आणि सगळ्यांत मिळून एक मेकॅनिक. मशीन अडले की हात वर करायचा आणि गप्प बसून राहायचे. मेकॅनिक कधी तासाने यायचा, कधी दोन तासांनी. एके दिवशी धाकटीने वाट न बघता कात्रीच्या टोकाने स्क्रू काढले आणि मशीनचा खालचा भाग टेबलावर मांडून ठेवला. तेवढ्यात फोरमन आला. त्याने एकच प्रश्न विचारला, "जोडता येणार आहे का?" तिने अर्ध्या तासात जोडून दाखवले. पुढे ती मेकॅनिकची मदतनीस झाली, मग स्वतःच मेकॅनिक, आणि कारखाना बंद पडला तेव्हा तिने मोठ्या रस्त्यावर सहा फूट रुंदीचे दुकान थाटले.

त्या दुकानाला पाटी नव्हती. दारातच चार मशिने उघडी पडलेली असायची, तीच पाटी. महिन्याला चाळीसेक मशिने सहज यायची. मग रस्ता रुंद करायचे ठरले आणि दुकानांची ती पूर्ण ओळ पाडण्यात आली. धाकटीला जवळच जागा मिळाली, पण एका इमारतीच्या मागच्या बाजूला. पुढे चष्मेवाल्याचे दुकान, त्याच्या कडेने दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत असा बोळ आणि बोळाच्या टोकाला तिची खोली. खोली झकास होती. मोठी खिडकी, भरपूर उजेड, टेबलाला जागा. फक्त ती कोणाला दिसत नव्हती. पहिल्या महिन्यात सहा मशिने आली. त्यातले एक आमच्या घरचे होते आणि ते बिघडलेले नव्हते.

अशा वेळी एका मोठ्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रातून तिला बोलावणे आले. तिथली काउंटर प्रमुख तीन महिन्यांनी सोडून जाणार होती, त्या जागी मशिनांची माहिती असलेली बाई हवी होती. धाकटी जागा बघून आली आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली.

"छान आहे," ती म्हणाली. "सगळं पांढरं स्वच्छ. एसी आहे. गिऱ्हाईक आलं की तक्रार कॉम्प्युटरवर टाकायची आणि पावती द्यायची. मी विचारलं, मशीन कोण उघडतं? साहेब म्हणाले, मॅडम, इथे उघडत नाहीत. आख्खा भाग काढून नवा बसवतात."

"मग बरंच आहे की," माझी बायको म्हणाली. "हात तेलकट होणार नाहीत. वय बघ जरा. गुडघे बघ."

"गुडघे काउंटरवरही दुखतीलच, ताई."

"तिथे खुर्ची असते."

"माझ्याकडे स्टूल आहे."

"त्या स्टुलाला पाठ नाही. तुलाही राहणार नाही, असंच चाललं तर."

बहिणींची ही जुगलबंदी मी बत्तीस वर्षे ऐकत आलो आहे. मध्ये पडण्यात अर्थ नसतो. शेवटी धाकटीनेच तोडगा काढला. साहेबांनी उत्तरासाठी तिसऱ्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत मुदत दिली होती. त्या तिसऱ्या महिन्यात पंधरा मशिने दुरुस्तीला आली तर ती दुकान चालू ठेवणार. पंधराच्या खाली राहिली तर तीस तारखेला साहेबांना होकार कळवणार.

"चौदावर आले तर रडायचं नाही," बायको म्हणाली.

"नाही रडणार."

"अहो, तुम्ही साक्षीदार. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवले. आमच्या कंपनीत मी आवक-जावक विभाग सांभाळतो, निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. आलेले प्रत्येक पत्र नोंदवायचे आणि गेलेले प्रत्येक पत्र नोंदवायचे, हेच काम मी आयुष्यभर केले. त्याच सुमारास ऑफिसने आम्हा जुन्या लोकांसाठी तीन दिवसांचा संगणक वर्ग घेतला होता. त्यात छोट्या व्यवसायासाठी ब्लॉग कसा सुरू करावा याचा एक तास होता. मी टिपणे व्यवस्थित काढली होती. धाकटीला म्हटले, रस्त्यावरून दुकान दिसत नसेल तर मोबाइलवर दिसू दे. लोकांना उपयोगाची माहिती लिहायची, वाचता वाचता त्यांना आपल्याबद्दल विश्वास वाटतो आणि काम निघाले की ते आपल्याकडे येतात.

"लिहिणार कोण?" तिने विचारले.

"मी लिहीन. तू सांग."

बायको म्हणाली, "चला, निवृत्तीनंतरचा उद्योग चौदा महिने आधीच सापडला."

टिपणांप्रमाणे मी एकेक पायरी चढत गेलो. खाते उघडले, तयार साच्यांतला साधा पांढरा साचा निवडला, नाव दिले. ते नाव होते, 'शिवणयंत्र निगा व दुरुस्ती माहिती विभाग'. पहिल्या तीन आठवड्यांत चार लेख टाकले. शीर्षके अशी होती: 'लेख क्र. १ : शिवणयंत्राची ओळख व इतिहास', 'लेख क्र. २ : वंगणाचे महत्त्व', 'लेख क्र. ३ : दोऱ्याच्या ताणातील असमतोल, कारणे व उपाययोजना', 'लेख क्र. ४ : आमची वैशिष्ट्ये'. भाषा शुद्ध, परिच्छेद समान लांबीचे. धाकटीने सांगितलेले मी ऑफिसच्या पत्राइतके नीटनेटके करून टाकत होतो. एकदा ती म्हणाली, "भाऊजी, हे माझ्याच मशीनबद्दल आहे ना?" मी ते कौतुक समजलो.

किती लोकांनी वाचले याचा आकडा ब्लॉगवर दिसतो. तीन आठवड्यांनंतर तो अकरा होता. त्यातले सात वेळा मीच होतो, कारण आकडा बघायला मी दर तिसऱ्या दिवशी उघडत असे. तीनदा बायको. अकरावा कोण, हे शेवटपर्यंत कळले नाही. मुदतीच्या त्या पहिल्या महिन्यात दुकानात सात मशिने आली.

एका शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होते म्हणून मी पाचव्या लेखाचे साहित्य गोळा करायला खोलीवर गेलो. धाकटी एका काळ्या जुन्या मशीनशी झटत होती. बाजूच्या फळीवर दोन मशिने रांगेत होती आणि प्रत्येकाच्या मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. मी वाचू लागलो. 'खाली जाळं होतं.' 'पाय जड जातो, मधेच अडतं.'

"हे असं का लिहितेस?" मी विचारले. "दोष लिहायचा ना. दोऱ्याचा ताण, पट्टा ढिला."

"ते मी नाही लिहीत, गिऱ्हाईक बोलतं तेच लिहिते. अगदी त्याच्याच शब्दांत." ती मान वर न करता म्हणाली. "मी आधीच दोष लिहिला ना भाऊजी, की हात तिथेच जातो. मग दुसरं काही दिसत नाही. गिऱ्हाइकाला दोष कळत नाही, पण त्याला त्रास काय होतोय ते बरोब्बर कळतं."

"आणि काम झालं की चिठ्ठी फेकून देतेस?"

"फेकायची कशाला? त्या बघा."

टेबलाखाली बिस्किटांचे तीन मोठे पत्र्याचे डबे होते. तेवीस वर्षांच्या सगळ्या नाही, पण जुने दुकान पाडताना वाचलेल्या चिठ्ठ्या त्यात कोंबलेल्या होत्या. आवक कागदांनी भरलेले डबे बघून माझे हात शिवशिवू लागले. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि गठ्ठे पाडायला सुरुवात केली. पुढचे चार दिवस ऑफिस सुटल्यावर मी थेट तिथे जात होतो.

एकूण चिठ्ठ्या निघाल्या एक हजार एकशे सदतीस. त्यातल्या दोनशे चाळीस चिठ्ठ्यांवर एकच तक्रार होती, फक्त शब्द वेगवेगळे. खाली जाळं होतं. खाली गुंता होतो. खालून झुपके येतात. खालचा दोरा वेडा झालाय. दुसरा गठ्ठा वरचा दोरा सारखा तुटण्याचा. तिसरा सुई मोडण्याचा. 'दोऱ्याच्या ताणातील असमतोल' असे एकाही माणसाने म्हटले नव्हते.

घरी येऊन मी माझा लेख क्रमांक तीन पुन्हा वाचला. दोनशे चाळीस लोकांनी आयुष्यात ज्याचा त्रास सोसला होता, त्याबद्दलच तो होता आणि त्यातल्या एकालाही तो सापडला नसता. मोबाइलवर माणूस त्याच्या तोंडात असलेले शब्दच टाकून शोधणार. इतकी साधी गोष्ट मला अकरा वाचकांनंतर कळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही नव्याने सुरुवात केली. जुने चार लेख मी स्वतःच्या हाताने काढून टाकले. धाकटी बोलत होती, मी टाइप करत होतो.

"खाली जाळं झालं की लोक खालची बॉबिन काढतात, साफ करतात, परत घालतात, शिव्या देतात," ती सांगू लागली. "पण जाळं खाली दिसलं तरी चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा ताण देणाऱ्या दोन चकत्यांच्या मधे नीट बसलेला नसतो. म्हणून तो सैल सुटतो आणि खाली जाऊन गोळा होतो."

मी टाइप केले, 'अनवधानाने वरील दोरा चकत्यांमध्ये...'

"थांबा. अनवधानाने कोण बोलतं हो घरात? ताई बोलते?"

"तुझी ताई वेगळे शब्द वापरते."

"तेच लिहा."

तेच लिहिले. सुईखाली कापड दाबून धरणारा दाब-पाय आधी उचला. तो उचललेला असला की चकत्या उघडतात. मगच दोरा ओवा. दाब-पाय खाली ठेवून दोरा ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा वरच्यावर राहतो. हे एवढेच. प्रत्येक पायरीला तिने तिच्या तेलकट बोटासकट एकेक फोटो काढला. शीर्षक ठेवले, 'मशीन खाली जाळं करतंय? आधी वरचा दोरा बघा'. ब्लॉगचे नावही तिने बदलले. आता ते 'मशीन का रुसलं?' झाले.

टाकायच्या आधी मात्र ती थबकली. हात पुसत खिडकीशी उभी राहिली.

"भाऊजी, मी हे सगळं सांगून टाकलं तर माझ्याकडे कोण येईल? दोनशे चाळीस मशिनांतली निम्मी तर एवढ्यानेच नीट होतात."

माझ्या टिपणांत याचे उत्तर होते, विश्वास वगैरे. पण तिला पंधरा मशिने हवी होती आणि आम्ही त्यातलीच घरच्या घरी बरी करायला निघालो होतो.

मग तीच म्हणाली, "जे मशीन दोरा ओवून नीट होतं, ते बोळातून इथवर उचलून आणायला लावणं बरं नाही. टाका. पण खाली एक रेघ मारा. रेघेच्या वर घरी करण्याचं, रेघेच्या खाली आमच्याकडे आणण्याचं. रेघेच्या खालचं कोणी घरी करू नये, नाहीतर स्क्रू उरतात."

तेव्हापासून प्रत्येक लेखाच्या शेवटी ती रेघ आली. 'एवढं करूनही नीट झालं नाही तर मशीन उघडू नका, आमच्याकडे आणा.' दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक लेख, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यांच्या क्रमाने, एका लेखात एकच तक्रार. एका लेखातून दुसऱ्याकडे जायला दुवा दिला, कारण सुई मोडणाऱ्या बाईचा दोराही तुटत असतो.

पहिल्या आठवड्यात साठ जणांनी वाचले. दुसऱ्या आठवड्यात चारशे. महिना संपताना रोजचे तीनशेच्या पुढे गेले आणि मी आकडा बघायला उघडत होतो ते आता त्यात कुठे उठूनही दिसत नव्हते. कॉमेंट येऊ लागल्या. एका शिंप्याने लिहिले, 'अठरा वर्षे शिवतो, आज कळले.' एका आजींनी लिहिले, 'नातवाने वाचून दाखवले, मशीन चालू झाले, बाईंना आशीर्वाद.' धाकटी त्या कॉमेंट मला पुन्हा पुन्हा वाचायला लावायची आणि चेहरा असा ठेवायची की जणू कोणा दुसऱ्याबद्दल चालले आहे.

फक्त मशिने येत नव्हती. दुसऱ्या महिन्यात आठ. तिसऱ्या महिन्याच्या एकवीस तारखेपर्यंत पाच.

"हजारो लोक वाचतात म्हणता," बायको म्हणाली, "ते वाचून काय हवेत विरतात का?"

धाकटी हसली नाही. "ताईचं बरोबर आहे. सगळ्यांची मशिनं मीच घरबसल्या दुरुस्त करून दिली." त्या दिवशी तिने तिचे पेचकस पुसून एका कापडात ओळीने गुंडाळले. ती ते रोजच करते, पण मला बघवले नाही.

एकवीस तारखेलाच, मला सुट्टी होती म्हणून मी खोलीवर असताना, दुपारी चारच्या सुमारास बोळातून एक बाई तणतणत आली. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात मोबाइल. मागून चष्मेवाला डोकावत होता, कारण तिने आधी त्यालाच फैलावर घेतले होते. बाई शिवणाचा वर्ग चालवत होती.

"मशीन का रुसलं, ते तुम्हीच का?" तिने विचारले.

"हो," धाकटी म्हणाली.

"मशीन राहू द्या, आता मी रुसलेय. तीन दिवस शोधतेय तुम्हाला. दोरा तुटण्याचा लेख वाचला, सगळं केलं, तरी तुटतोय. रेघेच्या खाली लिहिलंय आमच्याकडे आणा. आमच्याकडे म्हणजे कुठे? मी कॉमेंटमध्ये विचारलं, तुम्ही कुठे असता. उत्तर आलं, 'कृपया दुकानी समक्ष भेटावे.'"

धाकटीने हळूच माझ्याकडे पाहिले.

"शेवटी तुमच्या एका फोटोत उघड्या दारातून बोळाच्या तोंडाशी ही चष्म्याची पाटी दिसली," बाई पुढे म्हणाली. "माझा चष्मा इथलाच आहे, म्हणून ओळखली. नाहीतर अजून फिरत असते. पत्ता लपवून धंदा करायची ही नवीन पद्धत आहे का?"

मी मोबाइल काढला. सगळे लेख वरपासून खालपर्यंत बघितले. पत्ता कुठेच नव्हता. फोन नंबर नव्हता. दुकान कधी उघडे असते, तेही नव्हते. अडतीस वर्षांत मी हजारो पत्रे पाठवली असतील, पण पत्ता कधी लिहिला नाही, कारण तो कागदाच्या माथ्यावर छापलेलाच असतो. आपण फक्त तारखेपासून सुरुवात करायची. ब्लॉगलाही तसा माथा असणार असे मी धरून चाललो होतो. आम्हा तिघांना पत्ता पाठ होता, त्यामुळे तिघांपैकी कोणालाही तो नसल्याचे दिसले नाही. दुकान कुठे आहे असे विचारणाऱ्या कॉमेंट मी मोजल्या. सतरा होत्या. सतराही जणांना मी त्याच दिवशी, न चुकता उत्तर दिले होते, कृपया दुकानी समक्ष भेटावे.

"भाऊजी," धाकटी म्हणाली, "तुम्ही एकाही पत्राचं उत्तर बाकी ठेवलं नाहीत."

आणि ती हसू लागली. स्टुलावर बसून, पोटाशी हात धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. वर्गाच्या बाई आधी रागाने बघत होत्या, मग त्याही हसू लागल्या. चष्मेवाला काही न कळता हसला. मला हसावे की खाली बघावे ते ठरत नव्हते.

संध्याकाळ व्हायच्या आत दुरुस्ती झाली. मशीनची नव्हे, ब्लॉगची. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर पत्ता, फोन आणि वेळा घातल्या. 'इथे कसं यायचं' असे वेगळे पान केले. त्यात रस्त्यावरून दिसणाऱ्या चष्म्याच्या पाटीचा फोटो, मग बोळाच्या तोंडाचा, मग उघड्या दाराचा, ज्यात धाकटी उभी होती. ओळी तिनेच सांगितल्या: 'बोळ अरुंद आहे, मशीन आडवं नाही, उभं धरा.' मग मी त्या सतरा जणांना एकेक करून लिहिले. प्रत्येकाची माफी मागितली. या वेळी ऑफिसची भाषा आपोआपच सुचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला तिचा फोन वाजला. मग बाराला. तेवीस तारखेला एक शिंपी मशीन उभे धरून बोळातून आला आणि म्हणाला, "पानावर लिहिलंय तस्संच आलो." दोन दिवसांनी एक म्हातारे जोडपे. वर्गाच्या बाईंचे धरून महिन्याचा आकडा सहा झाला होता, तो अठ्ठावीसला अकरावर गेला आणि एकोणतीसला चौदावर थांबला.

"चौदा," बायको म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ती आपणहून आकडा विचारत होती, आणि मला संशय येऊ लागला होता की ती आता कोणत्या बाजूला आहे हे तिलाच ठाऊक नाही. पण शब्द म्हणजे शब्द. "उद्या एक तरी यायला हवं. नाहीतर साहेबांना फोन."

तीस तारखेला मी रजा टाकली. आम्ही दोघे नवरा-बायको दहाच्या आधीच खोलीवर पोहोचलो. साडेअकरापर्यंत कोणी फिरकले नाही. मग बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चष्मेवाल्याचा आवाज, "अहो बाई, माझ्या गिऱ्हाइकांना जायला वाट ठेवा." वर्गाच्या बाई तेरा मशिने आणि सात विद्यार्थिनी घेऊन आल्या होत्या. पहिले मशीन नीट चालल्यामुळे त्यांनी वर्गातली उरलेली सगळी आणली होती.

तेरा आणि चौदा, सत्तावीस. मी बायकोकडे बघितले.

धाकटीने मात्र दारातच विचारले, "यांना काय होतंय?"

"सगळ्यांचं एकच. खाली जाळं."

"आमचा जाळ्याचा लेख वाचलात?"

"मी दोरा तुटण्याचा वाचला होता. हे खालचं काम आहे ना, म्हणून सरळ घेऊन आले."

धाकटी म्हणाली, "मग थांबा, आत आणू नका. आधी इथेच बोळात दोरा ओवून बघूया."

"अगं," मी तिच्या कानाशी म्हणालो, "आत घे आणि मग बघ."

"रेघेच्या वरचं काम मी दुरुस्ती म्हणून घेत नाही, भाऊजी. ताई मोजायला बसलीय, तिला विचारा मोजणार का."

बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली. "दोरा ओवून चालू झालं तर ते दुरुस्तीला आलेलं नाही," ती म्हणाली. "आपलं तसंच ठरलंय."

बोळात फरशीवर मशिने मांडली गेली. एका मुलीने मोबाइलवर लेख उघडला आणि मोठ्याने वाचायला लागली. दाब-पाय आधी उचला. वर्गाच्या बाई एकदम म्हणाल्या, "उचला? मी तर यांना खाली ठेवून ओवायला शिकवलंय. दोन वर्षं झाली."

धाकटी म्हणाली, "शिकवताना सगळ्यांकडून एखादी गोष्ट राहतेच. आमचा तर पत्ताच राहिला होता."

पहिल्या मशीनला दोरा ओवला, चिंधीवर चाक फिरवले. सरळ टाका पडला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. दुसरे चालू झाले. तिसरे चालू झाले. प्रत्येक टाळीला मी उरलेली मशिने मोजत होतो. सहावे, सातवे. आठव्यालाही जाळे नाहीसे झाले. माझ्या मेहुणीने दुकान वाचवायला लिहिलेला लेख तिच्याच दारात एकेक मशीन बरे करून परत पाठवत होता, आणि ती प्रत्येक टाका बोटाने चाचपून "छान" म्हणत होती. नववे चालू झाले तेव्हा बायको उठून उभी राहिली.

दहाव्याला पुन्हा दोरा ओवला. चाक फिरवले. खाली जाळे. धाकटीने स्वतः ओवून बघितला. जाळे. तिने खालची झडप सरकवली, बोट आत घातले आणि बाहेर काढून उजेडात धरले.

"दोरा पकडणाऱ्या शटलला काप गेलाय," ती म्हणाली. "हे उघडावं लागेल. आत घ्या."

"पंधरा," माझी बायको म्हणाली. आणि मग तिने एक गोष्ट केली, जी बत्तीस वर्षांत मी पाहिली नव्हती. ते मशीन तिने स्वतःच्या हातांनी, साडीची पर्वा न करता, पोटाशी धरून आत नेले आणि टेबलावर ठेवले.

अकरावे आणि बारावेही आत गेले. तेराव्याची तर सुईच वाकडी चालत होती. नऊ मशिने घेऊन टेम्पो परत गेला, चार राहिली. महिन्याची एकूण अठरा. वर्गाच्या बाई जाताना म्हणाल्या की सोमवारी पहिला तास त्या दाब-पायावरच घेणार.

दीडच्या सुमारास केंद्रातल्या साहेबांचा फोन आला. धाकटीचे हात तेलात होते, म्हणून तिने मला बटण दाबून मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितले.

"मॅडम, आज तीस तारीख. काय ठरलं?"

"नाही जमणार, साहेब. तुम्ही थांबलात त्याबद्दल आभार."

"कारण कळेल का?"

"चार मशिनं उघडायची आहेत."

"तुमचा तो ब्लॉग आमच्या काउंटरवरच्या मुली वाचतात," साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक आलं की आधी तुमचाच लेख बघून सांगतात. मला वाटलं होतं, तुम्ही इथे आलात तर इथूनच लिहाल."

"मशीन उघडल्याशिवाय मला काही लिहिता येत नाही, साहेब. त्यांना वाचू द्या. त्यांचं अडलं तर मला फोन करू द्या."

फोन बंद झाला. बायको खुर्ची शोधत होती. खोलीत खुर्ची नाही. ती त्या पाठ नसलेल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "साहेब आवाजावरून भला माणूस वाटला."

"भलाच आहे," धाकटी म्हणाली. "ताई, जरा सरक. तू माझ्या उजेडात बसली आहेस."

बायको सरकली. धाकटीने दहाव्या मशीनचा पहिला स्क्रू काढला आणि टेबलावर ठेवला.